दहावा फर्मा जागेवर न लावण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
सार्वजनिक वाचनालये विभाग,
दुसरा मजला, जिन्याने आल्यास डावीकडे.

मार्फत : मा. ग्रंथपाल, शाखा वाचनालय (यांनी अर्ज वाचण्यास हरकत नाही, मात्र परिच्छेद ३ सोडून वाचावा, ही विनंती).

विषय : चाळीस रहस्यकादंबऱ्यांची चुकलेली बांधणी दुरुस्त न करता आहे तशीच ठेवण्याबाबत, आणि दुरुस्ती अटळच असल्यास ती पुन्हा एकदा चुकवण्याबाबत.

संदर्भ : १) आपला आदेश, जो वाचनालयाच्या फलकावर दोन टाचण्यांनी लावला आहे. २) मागणीवहीतील अर्जदाराच्या एकोणीस नोंदी, ज्यांवर आजवर फक्त 'पाहिले' एवढाच शेरा आहे.

अर्जदार : सभासद क्रमांक ७१८, निवृत्त कारकून, हरवले-सापडले खिडकी, बस आगार.

महोदय,

१. उपरोक्त विषयी सविनय निवेदन असे की, अर्जदार ही सदर वाचनालयाची सव्वीस वर्षे जुनी सभासद असून या काळात तिने एकही पुस्तक हरवलेले नाही, भिजवलेले नाही, की पान दुमडून खूण केलेली नाही. खुणेसाठी ती बसचे जुने तिकीट वापरते. आगारातल्या हरवले-सापडले खिडकीवर तिने एकतीस वर्षे काढली. छत्री विसरणारा माणूस परत येतो, कवळी विसरणारा कधीच येत नाही, आणि 'माझी पिशवी राहिली, पण आत काय होतं ते आठवत नाही' असे जो म्हणतो त्याच्या पिशवीत हमखास दुसऱ्याचे काहीतरी असते, एवढे ज्ञान तिने त्या खिडकीवर कमावले. हे ज्ञान निवृत्तीनंतर गंजू नये म्हणून ती रहस्यकादंबऱ्यांकडे वळली. तेव्हा हा नाद नसून नोकरीचीच मुदतवाढ आहे, असे कृपया समजावे.

२. अर्जदाराच्या घरी तिच्या नणंदबाई राहतात. वय एकाहत्तर, निवृत्त परिचारिका, लग्न केलेले नाही. नजर अधू झाल्याने छापील अक्षर दिसत नाही. कान मात्र भिंतीपलीकडचे ऐकतात. अर्जदाराचे यजमान हयात होते तोवर या दोघींचे बोलणे त्यांच्यामार्फत चाले. 'वहिनींना सांग, नळ चालू राहिलाय.' 'वन्संना सांगा, मी नाही उघडला.' यजमान दोन्हीकडचे निरोप पोहोचवीत आणि वाटेत त्यांतले काटे काढून टाकीत. सहा वर्षांपूर्वी ते गेले आणि हे टपाल बंद पडले. पुढे तीन महिने दोघी एकमेकींशी केवळ भांडी आपटून बोलल्या.

एका दुपारी अर्जदार आपल्या खोलीत मोठ्याने वाचत बसली होती. (ही नोकरीतली सवय, जमा वस्तूंची यादी मोठ्याने वाचावी लागे.) कथेत कोणी एका काकांना औषधातून विष देत होते. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून आवाज आला, 'एवढ्या डोसानं मांजरही मरत नाही, वहिनी. बाटली कुठली होती ते बघा.' अर्जदाराने मागे जाऊन बाटली पाहिली. बाटली खरोखरच वेगळी होती. काकांना मारले होते ते विषाने नव्हेच.

त्या दिवसापासून दुपारी तीन ते पाच वाचन चालते. ऐंशीव्या पानावर पुस्तक मिटून दोघी आपापला संशयित जाहीर करतात. अर्जदार माणसाच्या वस्तूंवरून ओळखते, नणंदबाई प्रेताच्या अवस्थेवरून. सर्व नोंदी एका वहीत आहेत : पुस्तकाचे नाव, प्रेते किती, अर्जदाराचा संशय कोणावर, नणंदबाईंचा कोणावर, खरा खुनी कोण, शेरा. नणंदबाईंचा अंदाज चुकल्यास शेऱ्याच्या रकान्यात त्या 'लेखकाची चूक' असे लिहायला लावतात. आजपर्यंत लेखकांच्या एकसष्ट चुका झालेल्या आहेत.

३. गेल्या वर्षी वाचनालयातल्या रहस्यकादंबऱ्या संपल्या. एकूण दोनशे चौदा. अर्जदाराने ही अडचण ग्रंथपालांच्या कानावर घातली, तेव्हा त्यांनी वाचलेलीच पुन्हा वाचण्याचा सल्ला दिला. हा सल्ला नणंदबाईंची स्मरणशक्ती ठाऊक नसलेल्या माणसाचा होता. अर्जदाराने पहिले वाक्य वाचावे आणि त्यांनी म्हणावे, 'माळी. पुढचं घ्या.' दुसरे उघडावे. 'जुळा भाऊ. पुढचं.' अशा रीतीने एका दुपारी नऊ कादंबऱ्या वाचून झाल्या.

मग अर्जदाराने मागणीवहीत रीतसर नोंद केली : 'नवीन रहस्यविषयक पुस्तके मागवावीत.' सात महिन्यांनी पुस्तके आली. अकरा आली. खरेदी समितीने यादी चाळून ज्या ज्या पुस्तकाच्या नावात 'रहस्य' हा शब्द होता ते ते मागवले होते. 'दाट केसांचे रहस्य', 'शांत झोपेचे रहस्य', 'भरघोस कोबीचे रहस्य', 'पाहुण्यांना वेळेवर निरोप देण्याचे रहस्य' आणि असेच आणखी सात. अकरांत मिळून एकही प्रेत नाही. ग्रंथपालांनी ते गठ्ठ्याने अर्जदाराच्या हवाली केले आणि म्हणाले, 'घ्या बाई, आता वर्षभर बघायला नको.'

मिळाले ते नाकारू नये म्हणून दोघींनी 'दाट केसांचे रहस्य' वाचायला घेतले. ऐंशीव्या पानावर नणंदबाईंचा संशय खोबरेल तेलावर होता, अर्जदाराचा कंगव्यावर. निघाले ते नियमित व्यायाम. व्यायामाचा आधी कुठेही उल्लेख नव्हता. असे लेखन म्हणजे वाचकाचा विश्वासघात आहे, असे नणंदबाईंचे मत वहीत नोंदवलेले आहे.

अर्जदाराने रद्दीच्या दुकानातही शोध घेतला. तेथे दोन मिळाल्या, त्यांपैकी एकीला सुरुवात नव्हती आणि दुसरीला मधला भाग. दात काढायला गेली असता दवाखान्यातल्या मासिकात एक रहस्यकथा दिसली. ती पूर्ण व्हावी म्हणून अर्जदाराने दुसराही दात दाखवला. तो चांगला होता. आता तो नाही.

४. वाचायला खून उरले नाहीत तेव्हा घरात काय झाले, हे लिहिताना अर्जदारास संकोच वाटतो. पण आपणास परिस्थितीचे गांभीर्य कळावे म्हणून लिहिते. ज्या घरात दोन तपासनीस आहेत आणि बाहेरून प्रकरण येत नाही, त्या घरात जुनी प्रकरणे उघडली जातात.

प्रथम थर्मास निघाला. अर्जदाराच्या सासूबाईंचा निळा थर्मास एकवीस वर्षांपूर्वी फुटला; कोणी फोडला ते तेव्हा ठरले नव्हते. नणंदबाईंनी अर्जदाराची सलग दोन दुपारी उलटतपासणी घेतली. 'तुम्ही म्हणता तुम्ही गच्चीत होता. मग काचा प्रथम पाहिल्या असं कसं सांगितलंत?' अर्जदाराने प्रतिप्रश्न केला की झाकण मात्र वन्संच्याच कपाटात कसे सापडले. त्यानंतर दोघींनी स्वयंपाकघराचा नकाशा काढला. त्यापुढे १९ नंबरच्या किल्लीचे प्रकरण, लग्नातल्या फोटोत कापलेल्या हाताचे प्रकरण आणि 'कोण म्हणाले होते की भावाला मोठ्या घरची मुलगी मिळाली असती' हे प्रकरण उघडले गेले. शेवटचे प्रकरण उघडल्यावर परत भांडी वाजू लागली. नणंदबाईंनी दूरच्या चुलतबहिणीकडे राहायला जाण्याची भाषा केली. चुलतबहीण ठार बहिरी आहे. यावरून निकड लक्षात यावी.

५. आता मूळ विषयाकडे वळते. वाचनालयातल्या रहस्यकादंबऱ्यांपैकी चाळीस पुस्तके एकाच मालेतली आहेत : एकच आकार, एकच अक्षर, प्रत्येकी बरोबर एकशे साठ पाने. छापखान्यातून सोळा सोळा पानांची घडी येते, तिला फर्मा म्हणतात. म्हणजे प्रत्येक पुस्तक दहा फर्म्यांचे. वापराने या चाळिसांच्या शिलाया उसवल्या होत्या आणि सर्वांत जास्त हाल शेवटच्या, म्हणजे दहाव्या फर्म्याचे झाले होते, कारण सभासद आधी शेवट पाहून मग पुस्तक घेतात. (अर्जदार असे करत नाही.)

जुने बाईंडर काम सोडून गेल्यामुळे ही चाळीस पुस्तके नव्या बाईंडरकडे गेली. हे गृहस्थ सचोटीचे आहेत; त्यांचे टाके अर्जदाराने मोजून पाहिले आहेत. मात्र त्यांनी सारे आयुष्य कचेऱ्यांची कोरी रजिस्टरे बांधण्यात घालवले. त्यांनी चाळीस पुस्तकांचे दहावे फर्मे सोडवले, फाटकी पाने पातळ कागदाने सांधली, सगळे फर्मे एकावर एक ठेवून रात्रभर दाबाखाली वाळवले आणि सकाळी ढिगात जो वर होता तो हाताशी येईल त्या पुस्तकाला शिवला. चाळीस धडे, चाळीस शेपट्या, हिशेब चोख. वड्याचे तेल वांग्यावर निघाले, पण तेल एक थेंबही सांडले नाही.

६. पुस्तके परत आली तेव्हा घरात थर्मासप्रकरण ऐन भरात होते. शांततेसाठी अर्जदाराने 'बेकरीतला मुडदा' आणले. नणंदबाई म्हणाल्या, 'भाची. पण वाचा. तुमचा आवाज तरी दुसऱ्या कामाला लागेल.'

एकशे चव्वेचाळिसाव्या पानाच्या शेवटी फौजदार सर्वांना पिठाच्या कोठीत गोळा करून म्हणतो, 'खुनी याच खोलीत आहे.' अर्जदाराने पान उलटले आणि पुढचे वाक्य वाचले : 'होय, घोडेवैद्य समुद्राकडे पाहत म्हणाला, मीच तो.'

'कोण म्हणाला?'

'घोडेवैद्य.'

'भाची कुठंय?'

'भाची नाहीये, वन्सं.'

'दोन पानं उलटली असतील.'

'नाही. एकशे चव्वेचाळीस, मग एकशे पंचेचाळीस.'

'आणि समुद्र कुठून आला?'

'खिडकीतून दिसतोय, असं लिहिलंय.'

नणंदबाईंनी डोळे मिटून बोटांवर मागची पाने मोजली. मग म्हणाल्या, 'एकतिसावं पान काढा. तिथं गल्लीत घोडा खिंकाळला होता. मी तेव्हाच म्हटलं होतं, बेकरीच्या गल्लीत घोडा कशाला.'

अर्जदाराने पान काढले. ओळ बारावी. घोडा होता.

महोदय, त्या क्षणी अर्जदारास काय वाटले ते सरकारी भाषेत मांडता येत नाही. बांधणी चुकली आहे हे तिच्या तत्काळ लक्षात आले होते. हरवले-सापडले खिडकीवर एकतीस वर्षे काढलेल्या बाईला एकाची पिशवी दुसऱ्याच्या हाती गेलेली कळू नये, हे शक्य नाही. पण तिने ग्रंथपालांना कळवले नाही. हा गुन्हा कबूल आहे. नणंदबाई त्या दिवशी पाच वाजून गेले तरी उठल्या नाहीत. घोडेवैद्य समुद्रावरून बेकरीत किती वाजता पोहोचला असेल याचे वेळापत्रक करत होत्या. थर्मासचे नाव निघाले नाही. ते आजतागायत निघालेले नाही.

७. पुढे 'शिंप्याचे शेवटचे माप' घेतले. त्यात नवव्या पानावर शिंपी मरतो आणि एकशे पन्नासाव्या पानावर सर्वांना चहा ओततो. दुसऱ्या कुठल्या पुस्तकाच्या शेपटीतही योगायोगाने एक शिंपी होता. अर्जदाराने हात टेकले. नणंदबाईंनी टेकले नाहीत.

'नाडी कोणी पाहिली होती?'

'डॉक्टरांनी.'

'डॉक्टर शिंप्याचा कोण?'

'मेहुणा.'

'मग मेलाच नव्हता. तुम्हीही कमाल करता, वहिनी, मेहुण्याच्या दाखल्यावर माणूस जाळायला निघालात.'

'मुक्या पोपटाची जबानी' या पुस्तकात चोर सुटतो आणि संन्यासी फासावर जातो. ही म्हण आजवर आपण नुसती वापरत आलो. येथे ती प्रत्यक्ष घडते, कारण संन्यासी आधीच्या एकशे चव्वेचाळीस पानांत फिरकलेलाही नाही. दोघींना त्याचा अपराध सिद्ध करायला तीन दुपारी लागल्या. तो पोपटाच्या मालकिणीचा पूर्वाश्रमीचा नवरा होता. हे पुस्तकात नाही, परंतु दुसरे काही संभवत नाही.

अशी सतरा पुस्तके झाली. पूर्वी प्रश्न एवढाच असे की खून कोणी केला. आता खुनी आयता मिळतो आणि त्या बिचाऱ्याने तो केला कसा, हे दोघींना शोधावे लागते. यात लेखकाची मदत होत नाही, उलट अडथळाच होतो. चुकले तर 'लेखकाची चूक' म्हणायचीही सोय नाही, कारण लेखक दोन आहेत आणि दोघांचाही नाइलाज आहे.

येथे एक तक्रार नोंदवणे अर्जदारास भाग आहे. 'दीपगृहाचा जिना' या पुस्तकाला चुकून त्याचाच शेवट लागलेला आहे. वाचून झाल्यावर नणंदबाई बराच वेळ अस्वस्थ होत्या. शेवटी म्हणाल्या, 'हे काहीतरी बनावट आहे. पुराव्यांशी इतकं जुळणारं खरं नसतं.' चाळिसांमधले हे एकमेव सदोष पुस्तक तेवढे दुरुस्तीस पाठवावे.

८. सर्व सुरळीत चालले असता मोजणीकाकांनी घात केला. मोजणीकाका म्हणजे जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले सभासद. वाचनालयातली खुर्चीसुद्धा ते भिंतीपासून अंतर पाहून ठेवतात. त्यांनी 'हिरव्या ट्रंकेचे गूढ' खिडकीवर आपटले आणि ग्रंथपालांना म्हणाले, 'हा कोण खलाशी? आला कुठून? एकशे चव्वेचाळीस पानं मी त्या वकिलावर संशय घेतला, त्याचं काय?'

ग्रंथपाल म्हणाले, 'संशय परत घ्या.'

'असा कसा परत घेऊ? मनात बसलाय.'

अर्जदार शेजारीच रांगेत उभी होती. तिने काकांना बाजूला घेऊन समजावले की वकिलाने खलाशाला पैसे दिले असतील. काका म्हणाले, 'बाई, हद्द म्हणजे हद्द. ह्या गटातला माणूस त्या गटात जाऊ शकत नाही.' त्यांनी तक्रार लिहिली, सोबत कोणते पात्र कोणत्या पुस्तकातून कोठे शिरले याचा नकाशा जोडला (नकाशा सुबक आहे, हे मान्य केले पाहिजे) आणि तो वर पाठवला. त्यावर आपला आदेश निघाला : येत्या सोमवारपर्यंत चाळीसही पुस्तके जमा करून दहावे फर्मे मूळ जागी शिवावेत आणि नव्या बाईंडरचे काम बंद करावे.

९. आदेश वाचून अर्जदार थेट बाईंडरकडे गेली. ते खळीचे भांडे ढवळत बसले होते. आदेशाचे ऐकून त्यांनी ब्रश बाजूला ठेवला आणि म्हणाले, 'बाई, वहीचं शेवटचं पान हे कुठल्याही वहीचं शेवटचं पान असतं. चाळीस वर्षांत एकाही कचेरीनं तक्रार केली नाही.'

'पण ही छापलेली होती ना.'

'छापलेली होती हे बघितलं मी. काय छापलंय ते बघत बसलो तर शिवणार कधी?'

अर्जदाराने त्यांना सतरा पुस्तकांचा वृत्तान्त सांगितला. घोडेवैद्याचे ऐकून त्यांनी पुन्हा सांगायला लावले. मग विचारले, 'म्हणजे ते माझं काम आहे?' अर्जदार हो म्हणाली. आजवर आपले काम कोणी पुढे वाचतही असेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. अशा माणसाची रोजी चुकीबद्दल जावी, आणि तीही ज्या चुकीने एका घरात शांतता नांदते तिच्याबद्दल, हे आपणासही रुचणार नाही, अशी अर्जदाराची खात्री आहे.

१०. आपल्या सोयीसाठी गणित मांडते. चाळीस धडांना चाळीस शेपट्या. प्रत्येक धडास स्वतःची सोडून एकोणचाळीस परक्या शेपट्या मिळतात. म्हणजे एक हजार पाचशे साठ नव्या रहस्यकादंबऱ्या आपल्या विभागाच्या कपाटात या क्षणी पडून आहेत आणि त्यांसाठी एकही नवे पुस्तक विकत घ्यावे लागत नाही. पैकी सतरा वाचून झाल्या. उरल्या एक हजार पाचशे त्रेचाळीस. आठवड्याला दोन या गतीने ही पावणेपंधरा वर्षांची तरतूद आहे. तेव्हा नणंदबाई शहाऐंशीला टेकतील. पुढचे पुढे पाहता येईल.

सबब विनंती की :

(अ) आपला आदेश मागे घ्यावा.

(आ) बाईंडरांना कामावर कायम ठेवून दर वीस आठवड्यांनी सर्व दहावे फर्मे एकेक घर पुढे सरकवण्याचे काम त्यांना द्यावे. त्यांनी पुस्तके वाचू नयेत, ही अट घालावी. आता त्यांना वाचण्याची इच्छा झाली आहे आणि हे धोक्याचे आहे.

(इ) मोजणीकाका आणि त्यांच्या विचारांचे जे कोणी असतील त्यांच्यासाठी मूळ शेवटांची एक जुडी खिडकीवर ठेवावी. ज्यांना सत्य हवे असेल त्यांनी सही करून न्यावे.

(ई) वरीलपैकी काहीच शक्य नसल्यास नणंदबाईंची एकदा समक्ष गाठ घ्यावी आणि नकार त्यांना आपण स्वतः सांगावा. अर्जदाराकडून ते होणार नाही.

११. लपवाछपवी नको म्हणून एक शेवटची बाब कबूल करते. जमा करावयाच्या चाळिसांपैकी तीन पुस्तके अर्जदाराच्या घरी आहेत : एक तिच्या कार्डावर, एक नणंदबाईंच्या आणि एक कैलासवासी यजमानांच्या. (यजमानांचे कार्ड रद्द करायचे राहून गेले आहे. रजिस्टरप्रमाणे ते गेली सहा वर्षे नियमित वाचन करतात व पुस्तके वेळेवर परत करतात.) गुरुवारी दुपारी चार वाजता वाचनालयाचे शिपाई ती नेण्यासाठी दारात आले. एकतीस वर्षे जे वाक्य अर्जदाराने काचेच्या अलीकडून ऐकले ते त्या दिवशी प्रथमच तिच्या तोंडून निघाले. ती म्हणाली, 'हरवलंय.'

शिपाई म्हणाले, 'तिन्ही?'

'तिन्ही.'

शिपाई तीस वर्षे नोकरीत आहेत. त्यांनी वहीत 'हरवले' असे लिहायला पेन काढलेही होते. तेवढ्यात आतून नणंदबाईंचा आवाज आला, 'वहिनी, एकशे चव्वेचाळीसवर सोडून गेलात. कोण आलंय त्याला बसवा नाहीतर पाठवा, पण दार लावा.' शिपायांनी पेन खिशात ठेवले. म्हणाले, 'बाई, मी सोमवारी परत येतो. आज तुम्ही घरी नव्हता.' या भल्या माणसाविरुद्ध कारवाई करू नये. अर्जदार त्या दिवशी खरोखरच घरी नव्हती असे ती लेखी द्यायला तयार आहे.

१२. जाता जाता एक विनंती, जी वरील सर्वांहून लहान आहे आणि जी नाकारण्याचे आपणास काही कारण नाही. आपले उत्तर येईल ते अर्जदारास नणंदबाईंना मोठ्याने वाचून दाखवावे लागेल. निर्णय काय येणार याबद्दल दोघींनी आपापला अंदाज वहीत नोंदवला आहे. दोघींचे अंदाज वेगळे आहेत. नणंदबाईंचे म्हणणे, अधीक्षकांच्या आदेशातल्या लांब वाक्यांवरून माणूस मऊ वाटतो. अर्जदाराचे म्हणणे, ज्याने टाचण्या सरळ रेषेत लावल्या तो मऊ नसतो. तरी आपल्या विभागाच्या प्रथेप्रमाणे पत्राच्या 'विषय' या ओळीतच 'अर्ज मंजूर' किंवा 'अर्ज नामंजूर' असे लिहू नये. आधी पार्श्वभूमी द्यावी, मग सर्व बाजूंचा विचार, मग जमल्यास एखादी शंका, आणि निर्णय शेवटच्या पानावर. पत्र एकच पानाचे होत असेल तर कृपया मागच्या बाजूस लिहावा.

आपल्या पत्राचा शेवट आधी न पाहणारी,
आपली नम्र सभासद,

(सही) सभासद क्रमांक ७१८

वरील अर्ज मला वाचून दाखवण्यात आला. मान्य आहे.
(सही) नणंदबाई, सभासद क्रमांक ७१९

दिनांक : शनिवार, दुपारी अडीच. (तीन वाजता वाचन आहे.)

सोबत :
१) नोंदवहीतील सतरा पानांची नक्कल.
२) घोडेवैद्याचे समुद्र ते बेकरी प्रवासाचे वेळापत्रक, नणंदबाईंनी सांगितल्याप्रमाणे.
३) 'भरघोस कोबीचे रहस्य', परत. वाचले. कोणीही मरत नाही.